माळावरचे पांढरे दगड

सत्यशीलेनं ते दगड पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती कडब्याच्या पेंढ्या बांधत होती. बांधापासून हाकेच्या अंतरावर, उघड्या माळावर, तीन दगड मांडलेले होते. नुसते मांडलेले असते तर तिनं पुन्हा मान वळवूनही बघितलं नसतं. माळावर दगडांना काय तोटा? पण या तिघांना चुना फासला होता. दगडाला आपसूक चुना लागत नाही. तो लावायला माणूस लागतो, आणि त्या माणसाच्या डोक्यात काहीतरी शिजत असावं लागतं.

पेडगावच्या अलीकडं हे गायरान. त्यातला दोन एकरांचा तुकडा तिचे सासरे तात्याराव यांनी पहारीनं दगड काढून वहितीखाली आणला. त्यांच्यानंतर नवऱ्यानं कसला, आणि नवरा गेल्यावर तिनं. ज्वारी, हरभरा, एखाद्या साली करडई. घाम तिच्या घरचा होता, पण कागद सरकारचा. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं आणि अर्ज करकरूनही ते लागलं नव्हतं. गेल्या साली खालच्या गावच्या गायरानात असेच चुन्याचे दगड दिसले होते. आधी दगड दिसले, मग तीन पायांचं यंत्र घेऊन माणसं आली, मग तारेचं कुंपण पडलं आणि आत सोलरच्या काळ्या पाट्या उभ्या राहिल्या. तिथल्या बायका आता दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जातात.

शेजारचा तुकडा दगडाबाईचा. तिनं कमरेवर हात ठेवून दगड न्याहाळले आणि निकाल देऊन टाकला.

"मोजनी हाय ही. अन् आनली कुनी म्हनशील, तर तुझ्याच सुगतनं."

"तोंड आवर, दगडा."

"मग उद्या कोन यायलंय माळावर? गाडीभर मानसं. पैसे देऊन पाखरं बगायला. आगं, पाखरं बगायला पैसे पडतेत का कुटं? घराच्या पत्र्यावर बसून फुकट दिसतेत."

सत्यशीलेनं हातातल्या पेंढीची गाठ करकचून आवळली. हीच शंका तिच्या मनात पाल होऊन कधीची चुकचुकत होती.

सुगत तिच्या दिराचा मुलगा. त्याची आई तो रांगत असताना गेली, तेव्हापासून तो सत्यशीलेच्या पदराखाली वाढला. आता परभणीला शाळेत मास्तर होता आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना माळावर आणून दिवसा पक्षी, रात्री तारे दाखवायचा. आजवर तो त्यांना दुसरीकडं कुठं कुठं न्यायचा, या वेळी पहिल्यांदाच घरच्या माळावर आणणार होता. त्याची फोनवरची जाहिरात तिनं स्वतः वाचली होती, सातवीपर्यंत शिकलेली बाई होती ती. 'वाळवंटातले पक्षी आणि आभाळभर तारे, आपल्या परभणीत.' बाकी सगळं ठीक होतं, पण 'वाळवंट' हा शब्द तिला खटकला. जिथं काही पिकत नाही त्याला वाळवंट म्हणतात. आणि जिथं काही पिकत नाही ती जमीन कोणी घेतली तर आडवं कोण येणार? पोरानं शब्द चुकून घातला, की कोणी घालायला लावला?

संध्याकाळी तो किराणा ठेवायला आला तेव्हा तिनं सरळ विचारलं.

"माळावर चुन्याचे दगड कुनी ठिवलेत रे?"

"काई न्हाई, काकू. असंच." आवाज एकदम खाली गेला आणि हात डाव्या कानाच्या पाळीकडं. "तू फिकर नको करू. मागून सांगतो."

 ही कानाची पाळी सत्यशीलेला चांगली ठाऊक होती. पाऊस न पडलेल्या एका साली घरात भाकरी मोजून व्हायची. "जेवलास का?" म्हटलं की हा एवढासा पोरगा कान चोळत, आवाज बारीक करून "जेवलो" म्हणायचा, म्हणजे उरलेली चतकोर काकूला मिळावी. तेव्हा त्या खोटेपणावर तिला जीव ओवाळून टाकावासा वाटायचा. आता तोच कान, तोच आवाज, आणि बाहेर चुन्याचे दगड. तिला रात्री झोप लागली नाही. दोन एकर गेली तर पोट कसंही भरता येईल, असं ती स्वतःला समजावत होती. पण ती सुगतनं घालवली असं निघालं, तर मग जगात आपलं म्हणायला कोण राहिलं?

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आधीच गाडी आली. रस्ता माळाच्या पलीकडं, त्यामुळं माणसं माळ तुडवत तिच्या शेतापर्यंत चालत आली. दोन-तीन मास्तर, परभणीचं एक डॉक्टर जोडपं, गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक पोरगी आणि गंगाखेडहून आलेला एक पोक्त गृहस्थ. सुगतच्या खांद्यावर तीन पायांचं यंत्र होतं. दुर्बीण म्हणे. खालच्या गावात आलेल्या माणसांनी तरी यंत्राचं खरं नाव कुठं सांगितलं होतं?

"नमस्कार, काकू," म्हणत सगळ्यांनी पाणी प्यायलं. सत्यशीलेनं तांब्या हातोहात फिरवला आणि डोळ्यांत तेल घालून एकेकाला पाहिलं. बाकीचे ठीक वाटले. आभाळात घिरट्या घालणारा, घारीसारखा एक भोवत्या दिसला तशा सगळ्यांच्या माना वर गेल्या. गंगाखेडच्या गृहस्थाची मात्र वर गेली नाही. तो खालीच बघत होता. बांध बघत होता, धसकटं बघत होता. मध्येच वाकून त्यानं चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली आणि टाकून दिली. मग त्यानं घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तर रुमालाबरोबर एक मोजपट्टी बाहेर आली आणि लोंबायला लागली. पिवळी, गुंडाळलेली, आकडे घातलेली. त्यानं ती घाईनं परत कोंबली.

तिला आणखी काही बघायची गरज उरली नाही.

"ते कोन हायत?" तिनं सुगतला बाजूला घेऊन विचारलं.

"सूर्यभानराव. पहिल्यांदाच आलेत. का गं?"

"काई न्हाई," ती म्हणाली. खोटं बोलायचा मक्ता काही त्याच्या एकट्याकडं नव्हता.

सुगत सगळ्यांना घेऊन पाझर तलावाकडं गेला. जाताना त्यानं चुन्याच्या दगडांना लांबून वळसा घातला. तिकडं कोणाला बघूही दिलं नाही, उलट बोट दुसरीकडंच दाखवत राहिला. हे सत्यशीलेनं बांधावरून टिपलं. लपवायचं नसतं तर वळसा कशाला घातला असता?

माणसं तलावाच्या चढापलीकडं दिसेनाशी झाली, तशी तिनं पदर खोचला. तरातरा चालत ती दगडांपाशी गेली. तिच्या पायापुढून एक पाखरू पळालं. उडालं नाही, पळालं. जरासं पळायचं, थांबायचं, मान ताठ करून तिच्याकडं बघायचं, पुन्हा पळायचं. मातकट रंगाचं, लांब पायांचं, असलं पाखरू ती लहानपणापासून बघत आली होती.

"जा की बाई, तुला कोन मोजायलंय," ती त्याला म्हणाली.

तिनं एक दगड उचलून काखेत मारला, दुसरा ओटीत घातला. तिसऱ्यासाठी वाकताना चपलेखाली काहीतरी करकर वाजलं. वाळलेलं ढेकूळ असेल. खाली बघायला तिला सवड नव्हती. दगड ओढ्यात भिरकावून द्यायचे असं ठरवून ती निघाली होती, पण शेतातल्या आपल्या झोपडीशी आल्यावर तिला त्याहून चांगली युक्ती सुचली. इतक्या माणसांच्या भाकरीला एक चूल पुरणार नव्हती. तिनं तेच तीन दगड मांडले, चुन्याची बाजू आत केली आणि वर तवा ठेवला. तुमच्या मोजणीवर तुमच्याच भाकरी भाजून घालते, या विचारानं तिला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं. दगडाबाई भाकरी थापू लागायला आली होती. ती तर तोंडात पदर कोंबून हसत बसली. बघता बघता चुना काळा पडला.

स्वयंपाक आटोपल्यावर सत्यशीलेनं तोंड धुतलं आणि विहारात नेसायचं पांढरं लुगडं नेसली. मनात काहीही असो, पाहुण्यांना मळक्या लुगड्यानं वाढायची तिची रीत नव्हती.

दिवस मावळता मावळता माणसं परतली. पिठलं, भाकरी, ठेचा, दही. सगळी बोटं चाटत जेवली आणि अंधार पडला. आवस जवळ आली होती, चंद्राचा पत्ता नव्हता. सुगतनं कंदील मालवायला लावला. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाहिजे म्हणे. त्याच्या हातात तेवढी लाल कागद लावलेली एक बॅटरी होती. मग तो एकेक तारा दाखवत गेला. पश्चिमेला कृत्तिकांचा पुंजका, रोहिणी, मृगातला तीन ताऱ्यांचा बाण, खाली झगझगणारा व्याध. माणसं "अरे वा" करत दुर्बिणीपाशी रांग लावून उभी राहिली.

"अन् तिकडं बाजलं वर यायलंय," सुगत म्हणाला. "शाळेत सप्तर्षी म्हणतात. पण मला आमच्या काकूनं बाजलं म्हणून शिकवलं. काकू, सांग की."

"काय सांगायचं?" सत्यशीला अंधारातून म्हणाली. "म्हातारीच्या बाजंचे चार खूर, अन् बाज चोरायला आलेले तीन चोर. वर तिघंच हायत. खाली किती हायत ते बगायचं."

सगळे हसले. सुगत हसला नाही, हे तिला अंधारातही कळलं.

तेवढ्यात सूर्यभानराव तिच्याजवळ आले. "बाई, तुमची ती बाज जरा वापरू का?"

दुपारीही त्यांनी विचारलं होतं आणि तिनं मोडकी आहे म्हणून सांगितलं होतं. आता सगळ्यांसमोर नाही म्हणवेना. ते बाजेवर बसले, खिशातली मोजपट्टी काढून उशाला ठेवली आणि दोन्ही हातांनी मान धरून हळूहळू आडवे झाले. मग नुसते आभाळ बघत राहिले.

"मान वर होत न्हाई माझी," शेवटी ते म्हणाले. "सारी उमर शिलाई मशीनवर गेली. वाकून वाकून आखडली ती आखडली. डॉक्टर म्हनले, आता असंच. चालताना जिमीन तेवढी दिसती. म्हनलं, झोपून का हुईना, पर एकदा बगून घ्यावं आभाळ."

सत्यशीला उभीच राहिली. "अन् ही पट्टी?"

"ती होय?" ते झोपल्या झोपल्या हसले. "खिशात नसली की चुकल्यावानी वाटतंय. दुकान बंद करून आलो, पर ती आलीच संगं." जरा थांबून ते म्हणाले, "काळी लय चांगली हाय तुमची, बाई. दुपारी हातात घेऊन बगितली."

 शिंप्याला तिनं मोजणीवाला ठरवलं होतं. दिवसभर त्याच्याकडं जळजळीत डोळ्यांनी बघितलं होतं, भाकरीसुद्धा त्याला करपलेली वाढली होती. ती आत गेली आणि चांगली जाड वाकळ आणून त्यांच्या अंगावर टाकली. पण मनाचा एक कोपरा अजून हटून बसला होता. ठीक आहे, शिंपी असेल. दगड तर शिंप्यानं लावले नव्हते.

तारे बघून झाल्यावर निघायची वेळ आली. दुसऱ्या अंगाला काटेरी झुडपांनी भरलेला ओढा होता, त्यामुळं रस्त्यावरच्या गाडीकडं जायला माळच तुडवायचा होता. सुगत पुढं, त्याच्यामागं सगळे, अशी रांग अंधारात निघाली. सूर्यभानरावांना त्यानं शेवटी न्यायचं ठरवून बाजेवरच ठेवलं. सत्यशीला बांधावर उभी राहून बघत होती. रांग थोडी पुढं गेली आणि थांबली.

"कुनी हालू नका," सुगतचा आवाज आला. "हाय तिथंच उभं ऱ्हावा. पाऊल उचलू नका."

लाल उजेड जमिनीवरून इकडून तिकडं फिरत राहिला. मग तो एकटाच, एकेक पाऊल चाचपत, परत बांधाकडं आला.

"काकू, हितं पांढरे दगड होते. तीन. तू बगितलेस का?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बगितले की. कशाला मांडले होतेस ते आदी सांग."

"धाविकाचं, त्या पळनाऱ्या पाखराचं, घरटं हाय तिथं. घरटं म्हंजे काय, नुसती जिमीन. उघड्यावरच अंडी घालतं ते. दोन हायत, मातीच्याच रंगाची, दिवसा बी दिसत न्हाईत." तो धापा टाकत बोलत होता. "अंधारात ह्या लोकांचा पाय पडू नये म्हनून भवताली चुना लावून ठिवला. चुना तेवढा दिसतो रात्री. मागल्या साली दुसऱ्या एका घरट्याचं गावात बोललो, तर दुसऱ्या दिवशी अंडी गायब. म्हनून ह्या खेपेला कुनालाच न्हाई सांगितलं. तुला बी न्हाई."

सत्यशीलेच्या कानात चपलेखालची ती करकर पुन्हा वाजली. पळत पळत थांबणारं, मान ताठ करून तिच्याकडं बघणारं पाखरू डोळ्यांपुढं आलं. त्याला ती काय म्हणाली होती तेही आठवलं. तिनं चुलीकडं बोट केलं. राखेत निखारे अजून धगधगत होते आणि त्यांच्या उजेडात ते तीन दगड कोळशासारखे काळे दिसत होते.

सुगतनं चुलीकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"मला मोजनी वाटली," ती म्हणाली.

"मोजनी?" त्याला अर्थ लागायला जरा वेळ लागला. लागला तेव्हा तो मागं सरकला. "म्हंजे मी... मी मानसं आनली, तुझी जिमीन मोजायला?"

तिनं मान खाली घातली. इतक्या वर्षांत तिला त्याच्यापुढं कधी मान खाली घालावी लागली नव्हती. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. जमीन जाण्याची भीती केव्हाच मागं पडली होती. अंधारात ओळीनं उभी असलेली ती माणसं आणि त्यांच्या पायांशी कुठंतरी आपण चिरडलेलं किंवा न चिरडलेलं काहीतरी, याची ती भीती होती.

"चल," ती म्हणाली. "दगड कुठनं उचलले ते ठावं हाय मला. उजेड दे."

ती जमीन तिच्या पायांना ओळखीची होती. बोरीचं खुरटं झुडूप, मग पांदीसारखी खोलगट चाकोरी, मग मुरमाचा पट्टा. तिथं ती थांबली. काही पावलांवरून एक पाखरू सुरसुरत पळालं.

"हितंच," ती कुजबुजली.

सुगत गुडघ्यांवर बसला. बॅटरीचा लाल उजेड त्यानं हातानं झाकून अगदी जमिनीशी नेला आणि खाली वाकला. सत्यशीला त्याच्या पाठीमागं उभी होती, तिला त्याची पाठच दिसत होती. तो फार वेळ वाकून राहिला. दोन अंडी मोजायला एवढा वेळ लागत नाही, असं तिच्या मनात आलं.

"दोन्ही हायत, काकू," तो म्हणाला. "बरी हायत."

आवाज खाली गेला होता. दुसरा हात कुठं होता, कानाशी होता का, ते अंधारात दिसलं नाही.

"दे हिकडं," ती हात पुढं करून म्हणाली.

त्यानं बॅटरी तिच्या हातात दिली आणि बाजूला झाला. आता तिनं नुसतं वाकायचं होतं. दिवसभर तिनं हेच केलं होतं. वाकून बघितलं होतं, आडून बघितलं होतं, प्रत्येक गोष्ट उलटीपालटी करून बघितली होती. समोर एक पाऊल टाकलं की खरं काय ते कळणार होतं, आणि सुगत आपल्याशी खोटं बोलला का तेही.

तिनं बॅटरी विझवली.

"मग दोन्ही हायत," ती म्हणाली.

घरट्याकडं पाठ करून, त्याच्यापासून हात-दोन हात पुढं, ती माळावर खाली बसली. पांढऱ्या लुगड्याचा पदर सोडून तिनं दोन्ही बाजूंना पसरला.

"आन त्यांना. मी दिसते न्हवं? माझ्या म्होरनं घाल सगळ्यांना. आल्याड कुनी येऊ नगा म्हनावं."

एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून माणसं तिच्या समोरून गेली. कॅमेरावाली पोरगी हळूच "थँक्यू, काकू" म्हणाली. सगळ्यांना रस्त्याला लावून सुगत परत आला, बाजेवरच्या सूर्यभानरावांना घेऊन आला आणि त्यांचा हात धरून तिच्यासमोर थांबला. म्हातारा खालीच बघत होता, त्याला माळावर बसलेली ती पांढरी बाई बरोबर दिसली असणार.

"काकू," सुगत म्हणाला, "तुला खरंच तसं वाटलं?"

"वाटलं," ती म्हणाली. "लय वाटलं." तिचा आवाज फाटला आणि तिनं तो फाटू दिला. "आता जा. मानसं खोळंबलीत. फुडल्या खेपेला दगड मी लावते. कुनाला सांगत बी न्हाई."

तो जरा घुटमळला आणि मग सूर्यभानरावांना सांभाळत निघून गेला. पाखरू परत यायचं तर आपल्याला उठायला हवं, हे तिला कळत होतं. पण गाडी सुरू होऊन तिचा उजेड पेडगावच्या वळणाआड जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग उठली, लुगडं झटकलं आणि मागं वळून न बघता सरळ झोपडीकडं चालू लागली.